नऊ तारखेचा पत्ता

मालवण,
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

चि. शौनक,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी वेगळे लिहीत नाही. गुडघे सोडले तर इकडे सगळं ठीक. तुझं बंगळुरात ठीक असावं असं धरून पुढे लिहिते.

मोबाईल हाताशी असताना आई पत्र का लिहिते, असं तुझ्या मनात येईल. मोबाईलवर तू वाचलंस की लगेच दोन निळ्या खुणा येतात, आणि वाचूनही उत्तर आलं नाही की माझा दिवस त्या खुणांकडे बघण्यात जातो. पत्राला खुणा नसतात. तू वाचलंस की नाही ते मला कळत नाही, म्हणजे दोघांचीही सोय.

तुझी बातमी मला जानेवारीत शेजारच्या नर्मदाकडून कळली. तिच्या दीपिकाने कुठेतरी तुझा फोटो पाहिला, तो घेऊन नर्मदा स्वयंपाकघरापर्यंत आली. "सरलाबाय, तुमच्या शौनकान दानाचा कायतरी नवीन काढल्यान गो!" मी "हो, हो" म्हटलं, जणू मला सगळं ठाऊकच होतं. मग ती गेल्यावर चष्मा लावून बसले. ब्लॉकचेन. तीस वर्षं गणित शिकवलं, पण हा शब्द कधी फळ्यावर आला नव्हता.

मला राहवेना. दीपिकाला चार दिवस संध्याकाळी बोलावलं, आंबोळ्या खायला घातल्या आणि तिच्याकडून शिकले. एका ठिकाणी शब्द घातला की त्याचा एक लांबलचक ठसा निघतो, अंक आणि अक्षरांचा. मी "सरला" लिहिलं. ठसा आला. मग "सरला" लिहून पुढे नुसती एक जागा सोडली, तर आख्खा ठसाच वेगळा! मी पुन्हा पुन्हा करून पाहिलं. कुळीथ, बांगडा, मालवण, तुझं नाव, तुझ्या बाबांचं नाव. पुन्हा "सरला" नीट लिहिलं की पहिलाच ठसा परत हजर. दूध उतू गेलं तेव्हा कुठे उठले. आणि प्रत्येक नव्या नोंदीत मागच्या नोंदीचा ठसा घातलेला असतो, म्हणून मधली एखादी बदलली तर पुढच्या साऱ्या बोंब मारतात, हे कळलं तेव्हा तर वर्गात एखादं अवघड उदाहरण सुटावं तसं वाटलं मला. तू हे मला कधी सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही म्हणा.

पण शंका आहेत. नोंद खोटीच केली असेल तर? यंत्र तिला खोटी म्हणेल का, की नुसतं म्हणेल, "ठीक, कायमची ठेवली"? आणि देणारा दिसतो तेवढाच घेणाराही दिसतो का? सवड मिळाली तर सांग.

आता खरी बातमी. फेब्रुवारीपासून आमचं रुग्ण मदत मंडळ तुमच्या दानाच्या ॲपवर आहे. तुला सांगितलं नाही, आईचं मंडळ म्हणून कोणी वशिला समजू नये. तुला आमच्या मंडळाची आठवण असेल. डायलिसिस सरकारी योजनेत फुकट होतं, पण तिथवर जायचं बसभाडं, बाहेरून आणायची इंजेक्शनं, सोबतच्या माणसाचा बुडालेला रोज, हे फुकट नसतं. ते आम्ही बघतो. या ॲपमुळे देणाऱ्याला आपला रुपया शेवटच्या माणसापर्यंत गेलेला दिसतो, हे मी मंडळाच्या बैठकीत मांडलं, तर दाजी, आमचे अध्यक्ष, चहा पिता पिता थांबले.

"ह्या नाणा वाजवन बघूक मिळात काय, बाईनू?"

मी म्हटलं, "दाजी, देवळात गावकार गाऱ्हाणा घालता. नारळ कोणी ठेवलो ता मोठ्यान सांगता आणि सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतत. उद्या तोच गावकार म्हणालो, असो नारळच इलो नव्हतो, तर चलात काय?"

"कसा चलात? चाळीस माणसांनी आयकलेला."

"तसाच ह्या. चाळीस माणसांच्या जागी चाळीस हजार कम्प्युटर."

दाजींनी उरलेला चहा संपवला आणि म्हणाले, "मगे ह्या आपलाच आसा." ठराव मंजूर. तुझ्या कंपनीला हे उदाहरण हवं असेल तर घ्या, पैसे नकोत.

क्रिप्टोच्या बाबतीत मात्र आम्ही हात जोडले. नांदगावचा एक मनुष्य दुबईला असतो, त्याला आपली तसली नाणी दान द्यायची होती. कुडाळचे आमचे सीए म्हणाले, परदेशातून असं काही घ्यायची परवानगी मंडळाकडे नाही, बँकेच्या वाटेने सरळ रुपये आले तर बघू, हे झेंगट नको. मला जरा वाईट वाटलं. हातात न येणारं नाणं कसं असतं ते एकदा बघायचं होतं.

नोंदी मीच करते. रुग्णांची नावं येत नाहीत, म-१, म-२ असे आकडे आहेत. देणाऱ्यांचेही पत्तेच दिसतात, अर्थ न लागणारी अक्षरं. ज्याला रुपयांची पावती हवी तो नाव सांगतो, बाकीचे आपले अनोळखी. त्यातला एक पत्ता मला पाठ झाला आहे. शेवटी सात, एफ, तीन. दर महिन्याच्या नऊ तारखेला त्याचं दान येतं, एकदाही चुकलं नाही. नऊ ही तारीख आपल्या घरात काय आहे, हे वेगळं सांगायला नको. मी काही विचारत नाही.

कोकम आगळाची बाटली पाठवू का? कुरियरवाला फोडतो, पण दीपिका म्हणते ती नाताळच्या आधी कोणाबरोबर तरी देईल.

शंकांची वही भरत बसलेली,
आई


मालवण,
गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५

चि. शौनक,

आज क्षेमकुशल राहू दे. काल तुला दोनदा फोन केला, तू उचलला नाहीस, मग एक नोंद पुसता येते का असं लिहून पाठवलं, त्यावर तुझं एका ओळीचं उत्तर आलं: "मीटिंगमध्ये आहे. पुसता येत नाही, तीच तर गोष्ट आहे." मी काय पुसायला सांगत होते ते नीट सांगते.

आमचा म-३ म्हणजे महादू परब. कसालच्या अलीकडच्या एका गावातला शेतकरी, थोडं भात, थोडे काजू. वर्षभर दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळच्या बसने डायलिसिसला जायचा. बसभाडं आणि इंजेक्शनं मंडळाची. हे तुला सांगते आहे कारण आता ते सगळ्या गावाला ठाऊक झालं आहे.

झालं असं. त्याच्या वाडीत बाबली नावाचा रिक्षावाला आहे. चाळिशीचा, सरळ, मोकळ्या गळ्याचा. आमची जाहिरात बघून त्याने ॲपवर शंभर रुपये दिले आणि आपले शंभर कुठवर गेले ते रोज बघत बसला. त्याला दिसलं: म-३, बसभाडे, कसाल मार्ग, मंगळवार सकाळ. त्या थांब्यावरून मंगळवारी सकाळी डायलिसिसला जाणारा माणूस वाडीत एकच. बाबलीला इतका आनंद झाला म्हणतोस! मागच्या गुरुवारी सगळे नवं भात घेऊन गिरणीवर जमलेले, महादूही होता. हा रिक्षा थांबवून तिथूनच ओरडला, "महादूकाकानू, माझे शंभर रुपये तुमच्याच तिकिटाक लागले हां! मोबाईलात बघलंय!"

वर सगळ्यांना मोबाईल दाखवत फिरला. त्याच्या मनात काळंबेरं काही नव्हतं. आपलं दान आपल्याच माणसाला लागलं, याहून चांगलं काय, असं त्याला वाटलं. महादूने भाताची गोण तिथेच ठेवली आणि घरी गेला.

शुक्रवारी तो बसला आला नाही. परवा मंगळवारीही नाही. त्याची बायको मथुरा, तिने कोणाच्या तरी फोनवरून मला कळवलं. पाय सुजलेत, रात्री आडवं पडवत नाही, श्वास लागतो, आणि विचारलं की एकच, "माका खंय जावचा नाय." केंद्रातल्या सिस्टर म्हणाल्या, उद्याची पाळी चुकली तर पुढचं आम्ही सांगू शकत नाही.

कसाल मार्ग, सकाळ, हे लिहायची हौस माझी. देणाऱ्याला नेमकं कळावं म्हणून. तुमच्या ॲपमध्ये तो रकाना होता आणि रकाना रिकामा ठेवणं मला कधी जमलं नाही. बंगळुरात बसून हे कोणाच्या लक्षात येणार नाही, मान्य. तिथे एका बसमध्ये साठ माणसं साठ ठिकाणची. इथे बस कुठली ते सांगितलं की माणसाचं नावच सांगितलं. हे तरी मला कळायला हवं होतं की नाही?

म्हणून विचारलं होतं, ती ओळ काढता येईल का. येत नाही. ठीक आहे. तुझ्या यंत्राचा धर्म तो आहे, त्याला मी बोल लावत नाही.

पण गेला आठवडाभर मला तुझे बाबा आठवत आहेत. चक्रीवादळाच्या वेळी त्यांनी घरांवरच्या पत्र्यांसाठी वर्गणी जमवली आणि कोणाकोणाला दिले ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. बाजारात बोलणं सुरू झालं. तू आलास, ओसरीवर चार माणसांदेखत म्हणालास, "बाबा, हिशेब दाखवा आणि विषय संपवा." ते म्हणाले, "पत्रे घरांवर आहेत. माझ्या तोंडावर शोधू नको." त्यावर तू बॅग भरलीस. ते गेल्यावर बाराव्यालाच परत आलास. मी तेव्हा काय करत होते? आत बसून कांदा चिरत होते. कोणाला दिले ते मला माहीत होतं. त्यातली दोन घरं अशी होती की आपण घेतलंय हे गावाला कळलं असतं तर त्यांनी पत्रे काढून परत आणून दिले असते.

तुझं चुकलं असं नाही रे. हिशेब उघडा असता तर ते बाजारातलं बोलणं त्यांना ऐकावं लागलं नसतं. म्हणूनच तू हे यंत्र बांधलंस, एवढं मला कळतं. पण त्यांनी तोंड का उघडलं नाही, तेही मला गिरणीवरची हकीगत ऐकल्यावर कळलं. दोघांचंही कसं बरोबर असू शकतं, हे मी आता रोज घोकते आहे आणि उत्तर जुळत नाही.

दुपारच्या बसने महादूकडे जाते. काय बोलायचं ते ठरलेलं नाही. "झालं गेलं विसरा" असं तरी कसं म्हणू, तुझं यंत्र विसरत नाही.

एक सांगायचं राहत होतं, सांगून टाकते. नऊ तारखेचा पत्ता कोणाचा ते मला ठाऊक आहे, शौनक. गेल्या रविवारीही दान आलं. मी दाजींना सांगितलं, मंडळात सांगितलं, नर्मदालाही सांगितलं, माझा मुलगा बोलत नाही पण बाप गेल्याची तारीख विसरत नाही. आभार मानणार नाही. आईने मानायचे नसतात.

बस गाठायची आहे.

तुझी,
आई


मालवण,
बुधवार, १९ नोव्हेंबर २०२५

चि. शौनक,

मागचं पत्र टपालपेटीत टाकलं आणि मागे वळले, तर रिया उभी. माझी जुनी विद्यार्थिनी, तारकर्लीला पर्यटकांसाठी चार खोल्या चालवते. म्हणाली, "बाईनू, तुमकाच शोधीत होतंय. माका ती करात सूट मिळणारी पावती व्हयी होती. नव तारखेक जाता ना, ता माझा."

मी म्हटलं, "कोणता?"

"सात, एफ, तीन. खोल्यांच्या कर्जाचो हप्तो आठ तारखेक कापून जाता, मगे ज्या काय उरता त्यातला देतंय. कोणाक सांगू नकात हां. नवरो म्हणतलो, आधी गळकी मोरी दुरुस्त कर."

मी पेटीकडे बघितलं. पेटीच्या फटीत हात घालून बघितला म्हटलं तरी चालेल, रिया बघत होती म्हणून पुरता घातला नाही. तुझ्या यंत्राचं एवढं कौतुक, पण टपालखात्याने हे फार आधी शोधून काढलंय, आत पडलेलं परत निघत नाही. तेव्हा ते पत्र तू वाचलं असशील. तुला काहीच माहीत नसताना आईने गावभर तुझं दान वाटून ठेवलंय, हे वाचून तू हसलास की आणखी काय झालं, मला कळायला मार्ग नाही. निळ्या खुणा बऱ्या होत्या की काय असं पहिल्यांदा वाटलं.

मला लाज वाटली आणि वाईटही वाटलं, शौनक. नऊ महिने मी त्या पत्त्याला रोज आशीर्वाद देत होते. ते रियाला पोचले, तिचं भलं होवो. पण मी ते तुझ्यासाठी दिले होते.

तशीच बसमध्ये बसले. थांब्यावर उतरले तर बाबलीची रिक्षा उभी. मला बघून तो खाली बघायला लागला. महादूकडे चला म्हटलं, तर घरापाशी सोडून पैसेही घेईना.

महादू पडवीत भिंतीला टेकून बसला होता. पायांची कातडी ताणून चकाकत होती. मथुराने माझ्यासाठी शहाळं सोललं. त्याला शहाळ्याची बंदी, पाणीसुद्धा मोजून, आणि परसात माड सोळा. तो माझ्या हातातल्या शहाळ्याकडे बघत होता, मी ते मागे ठेवलं.

मी म्हटलं, "महादूभाऊ, चूक माझी. बसचा नाव लिवक नको होता."

"पैशांची लाज नाय ओ बाईनू," तो म्हणाला. एका दमात बोलवत नव्हतं त्याला. "रोग आसा, लोकांनी हात दिलो, तेतूर लाज कसली? पण मी सगळ्यांका सांगलेला, ओंकार पाठयता. दर महिन्याक पाठयता. आता लोक म्हणतले, झील बापाशीक बघणा नाय. माझ्या पायी तेचा नाव गेला."

ओंकार त्यांचा एकुलता एक मुलगा, पुण्याला एका गोदामात कामाला आहे. मी विचारलं, त्याला ठाऊक आहे का खर्च किती होतो ते.

मथुराच बोलली. "खंय म्हायत आसा? तेका सांगल्यानी, सरकार सगळा फुकट करता, तू काळजी करू नको. हंय सांगल्यानी, झील पाठयता. दोनय बाजूक ह्येंचाच खोटा. आता बसलेत थंय भिंतीक टेकान."

मग माझ्या तोंडून आपोआप निघालं. ठरवलेलं नव्हतं, बाळा, खरंच नव्हतं.

"मीय तसाच केलंय," मी म्हटलं. "दर नव तारखेक मंडळाक पैसे येतत, ते माझ्या शौनकान पाठयले म्हणान मी अख्ख्या मालवणाक सांगलंय. आज कळला, ते दुसऱ्याच कोणाचे."

"म्हणजे तुमचोय झील..."

"माझोय झील. तीन वर्सां झाली, दिवाळीक फोन येता तेवढोच."

त्याने माझ्याकडे बघितलं. आणि हसायला लागला रे! खोकला आला, मथुरा पाठ चोळायला धावली, तरी हसतोच आहे. "बाईनू, खोटा बोलल्यार तुम्ही पोरांच्या हातार पट्टी मारीत होतात मां?"

"मारी होतंय."

"मगे हात पुढे करा."

मी केला. त्याने सुजलेल्या बोटांनी हळूच एक चापट मारली. मग मी रडले. मथुराही रडली. महादू एकटा हसत होता.

निघताना मी विचारलं, ओंकारला खरं सांगू का. महादूने परसाकडे बघितलं. "सांगा," म्हणाला. "पण मागू नकात."

बसथांब्यावरूनच ओंकारला फोन लावला. मागितलं काही नाही, आहे ते सांगितलं. पलीकडे गोदामातले आवाज येत होते. मग तो म्हणाला, "बाबा म्हणाले होते सगळं फुकट होतं म्हणून." जरा हळू म्हणाला, "बाई, सगळं मला झेपणार नाही. बाबांच्या तिकिटाचं झेपेल." मी म्हटलं, तेवढं पुरे. त्याने विचारलं, ॲपवर माझं नाव दिसू दे असं करता येतं का. येतं म्हटलं. माझा आवाज त्याला कसा वाटला असेल कोण जाणे.

शुक्रवारी मी मालवणहून सकाळच्या बसने निघाले. डावीकडची तिसरी खिडकी धरली आणि शेजारी पिशवी ठेवली. कंडक्टर म्हणाला, कोणासाठी? म्हटलं, येतील पुढे. तो येईल याची मला अजिबात खात्री नव्हती. गाडी वळणं घेत होती आणि माझं लक्ष रस्त्याकडेच. थांब्यावर रिक्षा दिसली. आधी बाबली उतरला, मग त्याच्या खांद्याला धरून महादू, मागे डबा घेऊन मथुरा. बाबलीने त्याला वर चढवलं आणि मला खिडकीतून हळूच सांगितलं, "बाईनू, मोबाईल घरी ठेवन इलंय."

मी पिशवी उचलून मांडीवर घेतली. महादू बसला. आत चढायलाच त्याला इतका दम लागला की कसाल येईपर्यंत मी थांबले. मग मी मोबाईल काढला. आता मी नोंद आधी करत नाही, आधी त्या माणसाला वाचून दाखवते. वाचली: "ओंकार महादू परब यांच्याकडून, बसभाडे." एवढंच. गाव नाही, वार नाही.

"परत वाचा," तो म्हणाला.

परत वाचली, जरा मोठ्याने. पुढच्या बाकावरच्या दोघींनी मान वळवून बघितलं. महादूने खिडकीबाहेर बघत म्हटलं, "व्हय म्हाराजा." मग मी बोट लावलं.

काल मंगळवारीही आला. सूज उतरते आहे. काल बसमध्ये तो मला काजूला पाणी कधी द्यायचं ते शिकवत होता. मला परीक्षा घेतल्यासारखं उलट विचारतो.

आता तुझ्या कामाचं. त्या गाऱ्हाण्याची दुसरी बाजू माझ्या लक्षातच आली नव्हती. गावकार नारळ कोणाचा ते मोठ्याने सांगतो, पण त्या माणसाचं संकट काय ते कधी सांगतो का? नाही. तो म्हणतो, "ह्येच्या मनात ज्या काय आसा ता पुरा कर." देणं सगळ्यांनी ऐकायचं, मनातलं देवाने. इतकी वर्षं मान डोलवून "व्हय म्हाराजा" म्हटलं आणि कान दिला नाही. तुमच्या ॲपमधला तो रकाना काढून टाक. आणि घेणारा स्वतः "व्हय" म्हणेपर्यंत नोंद पक्की होऊ नये, असं काही करता येतं का? दीपिका म्हणते येतं. तुझ्या बाबांना असं काही मिळालं असतं तर त्यांनी हिशेब दाखवला असता, असं मला वाटतं. कदाचित तरीही दाखवला नसता. हट्टी होते. तूही आहेस.

गिरणीवर गाजलेली ती जुनी ओळ ॲपवर तिथेच आहे. महादूला मी विचारलं, सलते का. तो म्हणाला, तिच्याखाली आता ओंकाराच्या दोन आहेत, वाचणारा खालपर्यंत वाचेल. यावर मी दोन रात्री विचार केला. तुझ्याकडे पुसत नाहीत, पुढची नोंद करतात. शिकवताना दीपिका हेच सांगत होती, मी आंबोळ्या उलटत होते.

दाजींना मी अजून खरं सांगितलेलं नाही. रियाने नाव सांगू नका म्हटलंय म्हणून, असं स्वतःला सांगते, पण ते अर्धंच खरं. माझा मुलगा नऊ तारीख विसरत नाही, असं मी गावभर केलेलं आहे, आणि ते आता पुसता येत नाही. खरं मात्र करता येईल, ते माझ्या हातात नाही.

पैसे नकोत मला. मंडळाला रिया आहे, बाबली आहे, ओंकार आहे. डिसेंबरची नऊ तारीख मंगळवारी येते, मी पंचांग बघितलं. सकाळची गाडी मालवणहून सुटते. थांब्यापर्यंत शेजारची जागा रिकामीच असते, पुढे महादूला खिडकी देऊन आपण तिघं दाटीने बसू.

मी पिशवी ठेवून जागा धरते.

आई